डाव्या कानातलं गाणं

मी रागीट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला वाईट वाटायला नको. चंद्रपूरच्या त्या दुकानातही मी रागातच उभी होते. काउंटरवर चार डब्या मांडलेल्या. दुकानदार एकेक उचलून किंमत सांगत होता, आणि मी पर्स अजून घट्ट धरत होते.

"घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे ऑडिओ इंटरफेस दमदारच पाहिजे, मॅडम. हा घ्या. आठ माइक लागतात याला."

"मला गळा एकच आहे," मी म्हटलं.

मागून कोणीतरी हसलं. वळून पाहिलं तर दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर खांद्यावर घेऊन एक मुलगा उभा. सावळा, उंच, अंगात फिकट निळा शर्ट, पावसानं एका बाजूनं भिजलेला. माझ्या डाव्या हाताला भरपूर जागा मोकळी होती. तरी तो मागून वळसा घालून माझ्या उजव्या हाताला आला आणि ॲम्प्लिफायर खाली ठेवला.

"एकट्याच गाता का जी तुमी?"

"हो."

"संग पेटी, तबला?"

"काही नाई. नुसता गळा."

"मंग हे पाहा." त्यानं चारातली सगळ्यात साधी डबी उचलली. "माइकचं बोलणं लॅपटॉपले समजत नाई. ही डबी मंधात बसून समजावून सांगते, एवढंच काम आहे हिचं. एक माइक लागते, बस झालं. गाताना आपला आवाज कानात उशिरा येऊ नये म्हणून हे बटण. आवाज फाटला तर हा लाल लाइट. बाकीच्या डब्यायले लाइटा जास्त आहेत, त्या लाइटायचे पैसे आहेत."

दुकानदारानं त्याच्याकडं असं पाहिलं की काही विचारू नका.

"अन् तो पांढरा नाजूक माइक घेऊ नका. टिनाचं घर आहे ना? अंगणात कोंबडी फडफडली तरी पकडते तो. स्टेजवरचा साधा माइक बरा."

"तुम्हाला कसं माहीत, आमचं टिनाचं घर आहे?"

"आपल्याकडं कोणाचं नाई?" तो म्हणाला.

मला हसू आलं, पण मी दाबलं. "भाऊ, तुमी या दुकानातले का?"

"नाई. अन् भाऊ नका म्हणू..." तो जरा थांबला. "सुनिल म्हणा. सुनिल मडावी. वडश्याच्या नाटक मंडळ्यायचा साउंड मी पाह्यतो."

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. वडश्याला मंडळ्यांची ऑफिसं आहेत. तिथं गावांची मंडळं येतात, नाटक बुक करतात, आणि कोणत्या मंडळीत गाणारी कोण आहे हे पहिल्यांदा विचारतात. मी आरमोरीची. दिवसा सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरते, आणि सीझनमध्ये आरमोरीच्याच एका लहान मंडळीत दोन प्रवेशांच्या मधलं एक गाणं म्हणते. एकच. चार वर्षं झाली. मी गात असताना लोक चहा प्यायला उठतात.

यंदा वडश्याच्या मोठ्या मंडळीचे मालक लटारूभाऊ यांची नायिका लग्न होऊन गेली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "नूतन, पोळ्याच्या आधी तीन गाणी रेकॉर्ड करून दे. पेटी-तबल्यानं झाकलेला गळा नको. मंडळवाले ऐकतीन, पसंत पडली तर तू. नाई तर नागपूरची पोरगी तीन सीझनसाठी बांधून घेतो." तीन सीझननंतर मी तिशीची. मग मला नायिका म्हणून कोण उभी करणार? मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग त्यांनी एकदा ऐकून परत पाठवलं होतं. त्यात माझ्यापेक्षा शेजारची राईस मिलच जास्त सुरात होती.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला का सांगितलं, कोण जाणे! तो मान माझ्याकडं कलती करून, माझ्या ओठांकडं पाहत ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. सेतूत रोज शंभर माणसं माझ्याशी बोलतात, पण माझं बोलणं असं कोणी ऐकत नाही.

"लटारूभाऊचा साउंड मीच करतो," तो शेवटी म्हणाला. "माइक मी देतो माझा. डबी तेवढी घ्या."

मी डबी घेतली.

मंगळवारी तो आरमोरीला आला. टॉवेलात गुंडाळलेला माइक, वायरीचं एक वेटोळं, आणि हातात सीताफळाची पिशवी... नाही, सीताफळं नव्हती, अजून दिवस होते त्यांना. काकड्या होत्या, त्याच्या घरामागच्या बाडीतल्या. कुरखेड्याच्या पुढं, जंगलात गाव आहे त्याचं. आईला त्यानं हात जोडून "जोहार" केला. माझी आई बायनाबाई "जय भीम" म्हणाली. मग दोघंही जरा हसले आणि काकड्या आत गेल्या.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सुनिलनं खोलीचा एक कोपरा निवडला आणि दोन्ही भिंतींवर आमच्या झाडून सगळ्या गोधड्या टांगल्या. राईस मिल दुपारी एक ते तीन बंद असायची. पाऊस टिनावर यायचा तो वेगळा. म्हणजे मिल बंद, पाऊस थांबलेला आणि कोंबड्या झाकलेल्या, एवढं जुळून आलं की मी गायचं. मी आठवडाभर अर्ध्या दिवसाच्या सुट्ट्या टाकल्या.

पहिलं गाणं विरहाचं होतं. मी गोधडीकडं तोंड करून उभी, मागं तो लॅपटॉप घेऊन खाटेवर.

"डोळे मिटून काऊन गाता?"

"समोर गोधडी आहे. गोधडीकडं पाहून विरह येते का कोणाले?"

"मंग माझ्याकडं पाहा."

"तुमच्याकडं पाहून विरह कसा येईन?"

बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाप्पा! आई स्वयंपाकघरात होती, तिथं भांडं पडल्याचा आवाज आला. सुनिल खाली डबीकडं पाहत होता, पण त्याच्या गालावरचं हसू मला दिसलं. ते गाणं त्या दिवशी झालंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही 'तुमी'वरून 'तू'वर आलो. कोण आधी आलं ते आठवत नाही.

आणि ते उजवीकडं येणं. ते मी पहिल्या दिवसापासून मोजत होते. चहा प्यायला ओसरीवर बसलं की तो उठून माझ्या उजव्या हाताला यायचा. मी मुद्दाम उजवीकडच्या खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवून पाहिले. त्यानं कपडे उचलले, डावीकडच्या खुर्चीवर रचले आणि आपल्या जागी बसला. रस्त्यानं चालताना मी बाजू बदलली की चार पावलांत तोही बदलायचा. मैत्रीण करिश्माला मी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अवं, लागला पोट्टा तुझ्या नादी." मी तिला रागावले आणि फोन ठेवून आरशात पाहिलं.

शुक्रवारी तिसरं गाणं झालं. अंगाई होती. शेवटची ओळ संपली तेव्हा खोलीत काही हललं नाही. त्यानं हेडफोन कानांवर बसवले, डोळे मिटले आणि तिन्ही गाणी सुरुवातीपासून ऐकली. मी त्याचा चेहरा पाहत उभी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही.

"एक नंबर," तो म्हणाला. "यात काहीच करावं लागत नाई. तू ऐक."

"नको. मले माझाच आवाज ऐकाले लाज वाटते."

"मी ऐकलं ना, मंग झालं."

"हो. तू ऐकलं, झालं."

संध्याकाळी आम्ही वैनगंगेच्या पुलावर गेलो. पाणी दोन्ही काठांना लागलेलं, गढूळ, लाकडं वाहून नेणारं. मी कठड्याला टेकले. काही बोलावंसं वाटत नव्हतं, आणि त्यालाही वाटत नसावं. तो आधी माझ्या डावीकडं उभा होता. मग हळूच मागून आला आणि उजवीकडं उभा राहिला. बराच वेळ आम्ही तसेच राहिलो. अंधार पडायला लागला तेव्हा तो म्हणाला, "जातो... शेवटची गाडी निघून जाईन." मी मान हलवली. त्या रात्री मी ठरवून टाकलं की हा मुलगा माझा आहे.

सोमवारी मी सेतूतून गाणी लटारूभाऊंना मेल केली. गुरुवारी त्यांचा फोन आला.

"नूतन, वाईट वाटून घेऊ नको बाई. हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर ऐकवली मी सगळ्यायले. मंडळवाले म्हणतात, पोरीच्या गळ्यात दम नाई. अर्ध्या हॉलपर्यंतच येते आवाज. तिकडच्या टोकाले बसलेल्यायले ऐकूच नाई आलं."

"भाऊ, पण..."

"नागपूरच्या पोरीले रविवारी बोलावलं मी. आता ऐनवेळी मी तरी काय करू?"

मी फोन ठेवला आणि एक उत्पन्नाचा दाखला, दोन जातीचे दाखले भरून दिले. एकाही माणसाचं नाव चुकलं नाही. घरी आल्यावर मात्र पायातली चप्पल न काढताच खाटेवर बसले आणि रडले. माझ्या गळ्यात दम नाही, हे मला कोणी म्हटलं नव्हतं आजवर. बाकी काहीही म्हणा.

सुनिलचा फोन आला. "पसंत झाली ना?"

"नाई झाली."

"काऊन?"

"गळ्यात दम नाई म्हणे. अर्ध्या हॉलपर्यंतच येते."

"खोटं आहे!" तो इतक्या जोरात ओरडला की आई आतून बाहेर आली. "मी ऐकलं आहे ना, नूतन. मी ऐकलं आहे!"

त्या ओरडण्यामुळं मी लॅपटॉप उघडला. स्वतःच्या आवाजाची लाज त्या दिवशी परवडणारी नव्हती. हेडफोन घातले, पहिलं गाणं लावलं. आवाज आला. स्वच्छ, जवळ, चांगला. आणि सगळाच्या सगळा डाव्या कानात.

उजव्या कानात काही नव्हतं. मला वाटलं वायर सैल असेल. वायर हलवली. हेडफोन बदलले. मग पडद्यावर नीट पाहिलं. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, डावीची आणि उजवीची. वरच्या पट्टीत माझं गाणं चढत-उतरत होतं. खालची पट्टी पाणी भरलेल्या धानाच्या बांधीसारखी सपाट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डबीला माइकची जागा एकच, आणि तो आवाज दोन्ही बाजूंना वाटून घ्या असं लॅपटॉपला सांगावं लागतं. ते सांगायचं राहून गेलं होतं. गाताना डबी आवाज थेट दोन्ही कानांत देते, म्हणून मला तेव्हा कळलं नाही. हॉलमध्ये उजवीकडचा स्पीकर मुका होता आणि मंडळवाले त्याच्याच पुढ्यात बसले होते.

दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं! मी कपाळावर हात मारला आणि हसायलाही लागले. मग हसू थांबलं.

इतकी साधी चूक. पहिल्या सेकंदाला कळणारी. त्यानं तिन्ही गाणी हेडफोन लावून, डोळे मिटून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली होती. मग त्याला कसं नाही कळलं?

"आई," मी विचारलं, "सुनिलले... ऐकू येते ना गं नीट?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "उजव्या कानानं नाई येत त्याले. मी उजवीकडून तीनदा चहा घे म्हटलं पहिल्या दिवशी, पोरानं पाह्यलं बी नाई. डावीकडून गेली तर लगेच उठून कप धरला. तुले माहीत नव्हतं?"

"नाई."

"मले वाटलं तुले माहीत आहे. रोज तर बसून राहता बोलत."

मी आत गेले आणि गोधड्यांच्या कोपऱ्यात उभी राहिले. सगळं एकेक करून आठवत गेलं. दुकानातला वळसा. ओसरी. खुर्चीवरचे कपडे. कलती मान, ओठांवरची नजर. तो चांगला कान माझ्याकडं करत होता. एवढंच. आणि मी आरशात पाहत होते! कोणी मेलं तर रडावं तसं मला आत काहीतरी होत होतं, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. त्याच्यावर रागावू तरी कशी? त्यानं मला काही म्हटलं होतं का कधी? सगळं मीच म्हटलं होतं, माझ्याशी.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि रागाला जागाच उरली नाही. साउंडवाल्याला एका कानानं ऐकू येत नाही हे वडश्यात कळलं, तर त्याला कोण बसवणार मिक्सरवर? त्याच्या घरचं वर्ष त्या पाच महिन्यांवर चालतं. म्हणूनच तो बाजू बदलत जगत होता. माझ्याशीच नाही, सगळ्यांशी.

शनिवारी सकाळी दुरुस्त केलेली गाणी पेन ड्राइव्हवर घेऊन मी वडश्याची बस धरली. नागपूरची मुलगी रविवारी येणार होती, माझ्या हातात तेवढाच दिवस होता.

ऑफिसात शिरले तर सुनिल आधीच तिथं. लटारूभाऊंच्या टेबलापुढं उभा राहून म्हणत होता, "भाऊ, एकदा अजून ऐका तिचं. माझ्यावर भरोसा ठेवा." मला पाहून तो टेबलापासून बाजूला सरकला. मी त्याच्याकडं न पाहता पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"भाऊ, त्या फायलीत बिघाड होता. एका बाजूनंच आवाज येत होता. ही बरोबर आहे. ऐकून घ्या, मंग नाई म्हणा."

लटारूभाऊ साठीचे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी गाणं लावलं. ऑफिसाच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून माझा आवाज आला, आणि बाहेर पोस्टर चिकटवणारा माणूस हातातली खळ तशीच धरून दारात येऊन उभा राहिला. अंगाई संपेपर्यंत लटारूभाऊंनी टेबलावरची सुपारीसुद्धा उचलली नाही.

"हे मंडळवाल्यायनं ऐकलंच नाई," ते सावकाश म्हणाले. मग भडकले. "एका बाजूनं रेकॉर्डिंग! कोण्या गाढवानं केलं थे? पोरीचं नशीब फुटलं असतं ना!"

"मीच केलं, भाऊ," मी म्हटलं. "नवीन डबी होती. मले समजली नाई."

"तुले? तू तर दिवसभर कम्प्युटरवर बसते."

"चुकली मी."

सुनिल माझ्याकडं पाहत होता. एका बाजूनं, हे शब्द त्याला आत्ता पोचत होते. त्यानं टेबलावरचे हेडफोन उचलले, लटारूभाऊंच्या कम्प्युटरवर माझी जुनी फाइल शोधली आणि लावली. हेडफोन घातले तेव्हा चेहऱ्यावर काही बदल नव्हता. मग त्यानं ते काढले, उलटे केले, उजवीकडचं भोंगं डाव्या कानावर बसवलं. आणि तसाच उभा राहिला. पडद्यावर गाणं चालू होतं, मला दिसत होतं. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

"तिनं नाई केलं," तो म्हणाला. हेडफोन हळू टेबलावर ठेवले. "मी केलं, भाऊ. मले उजव्या कानानं ऐकू येत नाई."

"सुनिल, गप," मी म्हटलं.

"चार वर्षं झाली. कान फुटला, ताप भरला. पावसाळा होता, नाल्यावरून आठ दिवस पाणी होतं, गावातून निघता नाई आलं. नंतर डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाई. मी कोणाले सांगितलं नाई. तुमाले बी नाई."

"म्हणजे तीन सीझन माझा साउंड..."

"एका कानानं केला."

खळवाला माणूस हळूच मागं सरकला.

"तीन सीझनमध्ये एकाही गावची तक्रार नाई आली," लटारूभाऊ म्हणाले, जणू स्वतःशीच. मग त्यांनी चष्मा काढला. "पण आता मले माहीत झालं, पोरा. दोन-दोन हजार माणूस बसते समोर. यंदा मिक्सरवर मी दुसरा माणूस बसवीन. तू वायरिंग पाह्य, माइक पाह्य. पैसे कमी भेटतीन. अन् नागपूरले जाऊन कान दाखव आधी." ते माझ्याकडं वळले. "नूतन, नागपूरच्या पोरीले मी फोन करतो, येऊ नको म्हणून. दसऱ्यापासून तालीम."

जे मागायला आले होते ते मिळालं होतं, आणि मला आनंद म्हणून होत नव्हता.

बाहेर पडल्यावर बस स्टँडपर्यंत मी त्याच्या चार पावलं पुढं चालत होते. स्टँडवर शेडखाली पोचलो आणि मी फुटले.

"काऊन सांगितलं? मी घेतलं होतं ना माझ्यावर! काय बिघडलं होतं?"

"तुझ्या नावावर चिकटलं असतं थे. पोरगी गाते, पण भरोशाची नाई."

"अन् तुझं काय झालं आता?"

"जे होतं थेच झालं. फक्त आता सगळ्यायले माहीत आहे." तो बाकावर बसला. एकदम थकलेला दिसत होता. "तू काऊन खोटं बोलली माझ्यासाठी? तुले तर माहीत पडलं होतं. राग नाई आला?"

"आला ना. खूप आला." मला थांबवेना. "पण थ्या चुकीचा नाई आला. तू रोज वळसा घालून माझ्या बाजूले येऊन बसायचा. मले वाटलं... मी काय काय समजून बसली होती, सुनिल! अन् तो तर कान होता तुझा. नुसता कान!"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग खाली पाहून म्हणाला, "दुकानात कान होता. ओसरीवर बी कानच होता, पहिले दोन दिवस."

"अन् मंग?"

"पुलावर तू बोलून राह्यली होती का काही?"

"नाई."

"मी बी नाई. ऐकाचं काहीच नव्हतं तिथं. तरी आलो होतो मी थ्या बाजूले." तो थांबला. "सवय झाली म्हणून नाई आलो. मले काही ऐकू नाई आलं तरी चालते, पण तू... तू माझ्या चांगल्या बाजूले पाहिजे, असं वाटलं. आता तर मिक्सर बी नाई राह्यला हातात. मी काय बोलू तुले? आमचं गाव वेगळं, देव वेगळे."

"आमच्या घरी बुद्ध आहे. तो कोणासंग भांडत नाई."

त्याला हसू आलं, पण डोळे भरलेलेच होते. मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. घाईत कोणत्या बाजूला बसले ते पाहिलंच नाही. गडचिरोलीची बस आत येत होती, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता, आणि त्या सगळ्या गोंगाटात मी खाली मान घालून, जन्मात पहिल्यांदा, ते म्हणून टाकलं.

तो बसकडं पाहत होता.

"मी काही म्हटलं," मी त्याच्या बाहीला ओढलं.

"काय म्हणली?" तो दचकून वळला आणि सवयीनं उठायला लागला, पलीकडून यायला. मी त्याचा हात धरला आणि खाली बसवलं. आता कोणी वळसा घालायचा नव्हता. पोट भरून श्वास घेतला, दोन हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला घेते तसा, आणि सगळा गळा लावून म्हटलं,

"मले तू पाहिजे, सुनिल! एका कानाचा, दोन कानांचा, कसाही! समजलं?"

कंडक्टरचं ओरडणं बंद झालं. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. सुनिलनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि त्या हातांमागून मला त्याचं "हो" ऐकू आलं. मग पुन्हा एकदा, "हो."

खिडकीतल्या डोक्यांत आमच्या गल्लीतली रिनाकाकू होती. म्हणजे मी घरी पोचायच्या आत आईला कळणार होतं. कळू दे.